व्हिटॅमिन डी कमी असलं की मोतीबिंदू होतो का? आणि गोळ्यांनी तो ओसरतो का?

शेवंती
माझ्या आईचं वय ७४. नुकतेच तिचे दोन रिपोर्ट पाठोपाठ आले. रक्तातलं व्हिटॅमिन डी ११ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, आणि डोळ्यांच्या तपासणीत दोन्हीकडे मोतीबिंदू, उजव्या डोळ्यात जास्त. डोळ्यांच्या डॉक्टरांनी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करून घ्या असं सांगितलंय. तेवढ्यात नात्यातल्या एकांनी व्हॉट्सअॅपवर लांबलचक मजकूर पाठवला, की डी कमी झालं म्हणूनच मोतीबिंदू होतो आणि डी भरून काढलं की तो विरघळतो. आईला ऑपरेशनची धास्ती आहेच. ‘आधी गोळ्या पूर्ण करते, मग बघू’ असं तिनं जाहीर करून टाकलंय.

मी शोधलं तर कुठे संबंध आहे म्हणतात, कुठे नाही. मला तिच्याशी वाद घालायचा नाही, पण तिनं विचारलं तर खरं काय ते सांगता यायला हवं. कुणी याबद्दल नीट वाचलं असेल किंवा या क्षेत्रात कुणी असेल तर कृपया लिहा.

काजवा
वाचतोय. सासऱ्यांचं डी असंच कमी आलं होतं. त्यांच्या बाबतीत पुढे जे झालं ते या धाग्यावर यायलाच हवं. रात्री सविस्तर लिहितो.

मंद्रसप्तक
शेवंती, मी नेत्रशल्यचिकित्सक. आता ऑपरेशनं करत नाही, वाचन चालू आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण आई त्यावर अडून आहेत. झालेला मोतीबिंदू डीच्या गोळ्यांनी ओसरत नाही. खरं तर कोणत्याच गोळीने ओसरत नाही.

का, ते समजलं तर आईंना सांगणं सोपं जाईल. डोळ्यातल्या भिंगाला रक्तवाहिन्या नसतात. भिंगाचे तंतू पक्व होताना आपली केंद्रकं आणि पेशीतली बाकीची यंत्रणा टाकून देतात, म्हणून तर ते इतकं आरपार दिसतं. पण त्यामुळे तिथली प्रथिनं जुनी झाली म्हणून नवी बनवता येत नाहीत. गाभ्यातली क्रिस्टॅलिन प्रथिनं आपण जन्माला यायच्या आधीच तयार झालेली असतात आणि तीच जन्मभर पुरवायची असतात. त्यातलं अल्फा-क्रिस्टॅलिन बिघडू लागलेल्या इतर प्रथिनांना धरून ठेवतं, त्यांच्या गुठळ्या होऊ देत नाही. ग्लुटाथायोन ऑक्सिडेशनपासून राखण करतं. वय वाढलं की ग्लुटाथायोन गाभ्यापर्यंत पुरेसं पोचत नाही, मोकळं अल्फा-क्रिस्टॅलिनही संपत येतं, प्रथिनांचे पुंजके बनतात आणि आत येणारा प्रकाश विखुरतो. हे दोन-चार महिन्यांत घडत नाही, अनेक वर्षं चाललेलं असतं. रक्तातली एखादी पातळी सुधारली म्हणून ते पुंजके सुटे होत नाहीत.

आता पहिला प्रश्न, डीचा संबंध आहे का. डीचे रिसेप्टर, म्हणजे डीला धरणारी प्रथिनं, डोळ्याच्या पेशींतही सापडले आहेत, त्यामुळे दाह किंवा ऑक्सिडेशनच्या मार्गाने काही परिणाम होत असेल ही शंका शास्त्रज्ञांना येणं स्वाभाविक आहे. पक्का आणि जुना दुवा मात्र एकच, कॅल्शियमचा. गळ्यातल्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथी काम करेनाशा झाल्या आणि रक्तातलं कॅल्शियम दीर्घकाळ फार खाली राहिलं तर मोतीबिंदू होतो, तोही कमी वयात. डीची कमतरता इतकी तीव्र असेल की कॅल्शियमच कोसळलं, तर तसं होऊ शकतं. आईंचं कॅल्शियम तपासलंय का? नॉर्मल असेल तर त्यांचा मोतीबिंदू या वाटेने आलेला नाही, तो वयाचा आहे.

शेवंती
मनापासून आभार. कॅल्शियम ९.२ आहे, नॉर्मल लिहिलंय. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या पत्रकात ‘न्यूक्लिअर’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ काय?

मंद्रसप्तक
९.२ व्यवस्थित आहे. न्यूक्लिअर म्हणजे भिंगाच्या गाभ्यातला मोतीबिंदू. वयामुळे होणाऱ्यांत हा नेहमीचा. यात लांबचं धूसर होतं, रंग पिवळट दिसतात, आणि चष्म्याचा मायनस नंबर वाढत जातो. म्हणून काही काळ जवळचं बिनचष्म्याचं वाचता येऊ लागतं आणि घरातल्यांना वाटतं की नजर सुधारली. आईंना असं झालं असेल तर ते गोळ्यांचं यश समजू नका. हे मुद्दाम लिहिते, कारण गोळ्या सुरू असताना नेमकं असं घडलं की सगळं श्रेय गोळीला जातं आणि ऑपरेशन आणखी पुढे ढकललं जातं.

दुसरा प्रकार कॉर्टिकल, भिंगाच्या कडेने आत शिरणाऱ्या पाचरींसारखा. तिसरा भिंगाच्या मागच्या आवरणालगतचा. मधुमेह आणि स्टेरॉइडमुळे होणारा बहुधा हा तिसरा, आणि त्यात समोरून दिवे आले की फार त्रास होतो. डीवरचे अभ्यास वाचताना कोणता मोतीबिंदू मोजला होता हे पाहावं लागतं.

रेघोट्या
मी रोगपरिस्थितीविज्ञानात काम करतो, म्हणजे लोकसंख्येच्या पातळीवर आजारांची कारणं शोधण्याचं. शेवंती, तुम्हाला दोन्ही प्रकारची उत्तरं मिळाली कारण अभ्यासच दोन प्रकारचे आहेत.

पहिल्या प्रकारात लोकांचं डी मोजतात, मोतीबिंदू तपासतात आणि दोन्हींचा मेळ पाहतात. कोरियाच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीवर आधारलेला, ४० वर्षांवरच्या १८ हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास २०१५ मध्ये आला. त्यात डी जास्त असलेल्या पुरुषांमध्ये मोतीबिंदूचं प्रमाण काहीसं कमी होतं, स्त्रियांमध्ये चित्र तितकं स्पष्ट नव्हतं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ‘केअर्ड्स’ या स्त्रियांच्या अभ्यासात गाभ्यातल्या मोतीबिंदूशी एकंदर संबंध दिसला नाही. ७० पेक्षा कमी वयाच्या गटात मात्र दिसला. व्हॉट्सअॅपवर फिरतात ते या जातीचे निष्कर्ष, तेही अर्धे कापून.

यात अडचण अशी की ज्याचं डी चांगलं आहे तो माणूस बाकीही अनेक बाबतीत वेगळा असतो. तो घराबाहेर पडतो, चालतो, वजन आटोक्यात असतं. लठ्ठपणात डी रक्तात कमी दिसतं. लठ्ठपणासोबत मधुमेह येतो आणि मधुमेहात मोतीबिंदू लवकर होतो. धूम्रपानाने गाभ्यातला मोतीबिंदू वाढतो हे पक्कं ठाऊक आहे. आकडेमोडीत या गोष्टी वजा करतात, पण पूर्ण वजा कधीच होत नाहीत.

आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कारण-परिणाम उलटेही असू शकतात. ज्याला नीट दिसत नाही तो घरात बसतो. घरात बसला की ऊन मिळत नाही. ऊन मिळालं नाही की डी उतरतं. रक्ताच्या रिपोर्टवर यातलं आधी काय झालं हे लिहिलेलं नसतं.

दुसरा प्रकार चाचणीचा. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करतात, एकाला डी, दुसऱ्याला तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी, आणि वर्षानुवर्षं पाहतात. ऑस्ट्रेलियातल्या ‘डी-हेल्थ’ चाचणीत ६० ते ८४ वयाचे २१,३१५ लोक होते. डीच्या गटाला महिन्याला ६०,००० युनिट, पाच वर्षांपर्यंत. त्यातल्या मोतीबिंदू शस्त्रक्रियांचा हिशेब नंतर मांडला गेला, आणि डी घेणाऱ्यांत शस्त्रक्रिया कमी झाल्या नाहीत.

असं जीवनसत्त्वांच्या बाबतीत पूर्वीही झालंय. सी आणि ई मुबलक असलेल्या लोकांत मोतीबिंदू कमी दिसायचा, म्हणून मोठी आशा होती. २००१ च्या ‘एरेड्स’ चाचणीत त्या गोळ्यांचा मोतीबिंदूवर परिणाम दिसला नाही. अमेरिकन पुरुष डॉक्टरांच्या एका मोठ्या चाचणीत साध्या मल्टिव्हिटॅमिनने मोतीबिंदू होण्याचं प्रमाण सुमारे ९ टक्क्यांनी कमी झालं, हा एक अपवाद. पण तोही पुढे होणारा टाळण्याबद्दल आहे, झालेला घालवण्याबद्दल मुळीच नाही.

निशिगंध
रेघोट्या, प्रतिसाद आवडला, पण एक हरकत. डी-हेल्थमध्ये कमतरता असलेलेच लोक निवडले होते का? ऑस्ट्रेलियात ऊन भरपूर. ज्यांचं डी मुळात ठीक आहे त्यांना आणखी देऊन फरक पडला नाही, एवढंच यातून सिद्ध होतं. शेवंतींच्या आईंचं ११ आहे. त्यांना हा निष्कर्ष कसा लावणार?

रेघोट्या
हरकत रास्त आहे. कमतरता असलेलेच लोक घेतले नव्हते. निष्क्रिय गोळीच्या गटातही रक्तातलं सरासरी डी ७७ नॅनोमोलच्या आसपास होतं, म्हणजे आपल्या नेहमीच्या एककात सुमारे ३१. (अवांतर: एक नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे अडीच नॅनोमोल प्रति लिटर. आईंचे ११ म्हणजे साडेसत्तावीस नॅनोमोल. दोन लॅबचे रिपोर्ट ताडून पाहताना एकक आधी बघा, नाहीतर विनाकारण आनंद किंवा घबराट होते.) शिवाय मोतीबिंदू बनायला दशकं लागतात आणि चाचणी पाच वर्षांची. त्यामुळे तिशी-चाळिशीपासूनची तीव्र कमतरता मोतीबिंदूला हातभार लावत नाही, असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही.

पण शेवंतींच्या घरातला प्रश्न वेगळा आहे. आज झालेला मोतीबिंदू गोळ्यांनी मागे हटेल या आशेवर ऑपरेशन थांबवावं का? त्या बाजूने एकही चाचणी उभी नाही.

निशिगंध
पटलं. म्हणजे ११ वर उपचार करायचेच, पण ते डोळ्यांसाठी नव्हेत.

मंद्रसप्तक
अगदी तेच. ११ ही पातळी सगळ्याच मार्गदर्शिकांच्या मते कमी आहे. २० पुरेसं की ३० हवं यावर बरीच वर्षं वाद होता. २०२४ मध्ये हार्मोनतज्ज्ञांच्या एंडोक्राइन सोसायटीने स्वतःचाच ३० चा आग्रह सोडला. पण ११ वर वाद नाही. हाडं दुखणं, मांड्यांतली ताकद जाणं, खुर्चीतून उठताना हात टेकावे लागणं, हे त्यातून होतं. तेव्हा आईंना ‘गोळ्या घेऊ नकोस’ असं मुळीच सांगू नका. गोळ्याही घ्या आणि डोळाही करून घ्या. दोन्हींची एकमेकांत अडचण नाही.

दवबिंदू
माझा गोंधळ वेगळाच आहे. डीसाठी उन्हात बसा म्हणतात आणि डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात उन्हाने मोतीबिंदू होतो. मग ज्येष्ठांनी करायचं काय? माझे वडील रोज काचेच्या खिडकीशी उन्हात बसतात.

मंद्रसप्तक
चांगला प्रश्न. दोन्ही विधानं खरी आहेत आणि दोन्हींमागे उन्हातले तेच यूव्हीबी (अतिनील) किरण आहेत. अमेरिकेतल्या चेसापीक खाडीतल्या ८३८ मच्छीमारांचा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या डोळ्यांवर जन्मभरात जास्त यूव्हीबी पडले त्यांच्यात कॉर्टिकल मोतीबिंदू जास्त होता. गाभ्यातल्या मोतीबिंदूशी मात्र तो संबंध सापडला नाही. गंमत बघा, ऊन अंगावर घेणाऱ्या माणसात डी जास्त आणि कॉर्टिकल मोतीबिंदूचा धोकाही जास्त. डी आणि मोतीबिंदू यांचा नुसता मेळ घालणारे अभ्यास चकवतात त्याचं हेही एक कारण.

मार्ग सोपा आहे. डी त्वचेत बनतं, डोळ्यात नाही. हातापायांवर ऊन घ्यावं, डोक्यावर रुंद काठाची टोपी आणि डोळ्यांवर यूव्ही ४०० लिहिलेला गॉगल घालावा. गॉगलमुळे डी बनायचं थांबत नाही.

वडिलांच्या खिडकीबद्दल सांगायचं तर साधी काच यूव्हीबी जवळजवळ पूर्ण अडवते. उबेसाठी बसत असतील तर जरूर बसू द्या, डीसाठी त्याचा उपयोग नाही. आणि म्हाताऱ्या त्वचेत डीचा कच्चा माल, ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल, कमी असतो. १९८५ च्या एका प्रसिद्ध कामात तरुण त्वचेच्या तुलनेत वृद्ध त्वचेची डी बनवण्याची क्षमता निम्म्याहूनही खाली आलेली दिसली. म्हणून सत्तरीनंतर नुसत्या उन्हावर विसंबून भागत नाही, गोळी लागू शकते.

काजवा
सकाळी लिहितो म्हणालो ते आता लिहितो... माफ करा, रात्री म्हणालो होतो. सासऱ्यांना आठवड्याला ६०,००० युनिटची कॅप्सूल दिली होती, काही आठवड्यांसाठी. कधी थांबवायची हे चिठ्ठीवर स्पष्ट नव्हतं आणि आम्हीही विचारलं नाही. दुकानातून मिळत गेली, ते घेत गेले. शिवाय रोजची कॅल्शियमची गोळी होतीच. पुढे त्यांना सारखी तहान लागायला लागली, पोट साफ होईना, भूक गेली, बोलताना संदर्भ सुटायला लागले. आम्हाला वाटलं वय झालं. ते दवाखान्यात दाखल झाले तेव्हा कॅल्शियम भलतंच वर होतं आणि किडनीवर परिणाम झाला होता. सावरले, पण बरेच महिने गेले. व्हिटॅमिन म्हटल्यावर त्यात धोका असेल हे डोक्यातच येत नाही हो कुणाच्या. शेवंती, आईंच्या कॅप्सूलची शेवटची तारीख आजच लिहून घ्या.

पानगळ
काजवा, वाचून काळजात चर्र झालं. सासरे आता बरे आहेत ना?

काजवा
हो, आता ठीक आहेत. चालतात-फिरतात.

रेघोट्या
काजवा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. आठवड्याला ६०,००० म्हणजे दिवसाला साधारण ८,५७० युनिट. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०११ मध्ये प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादा ४,००० ठेवली, आणि सत्तरीपुढच्यांसाठी रोजची शिफारस ८०० ची आहे. कमतरता भरताना काही आठवडे मोठा डोस देतात तो वैद्यकीय देखरेखीखाली. तो सवयीने चालू ठेवायचा नसतो.

एकदम मोठा डोस दिला की जास्त फायदा, हेही खोटं ठरलंय. सत्तरीपुढच्या २,२५६ स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट देऊन पाहिलं. २०१० मध्ये निकाल आला तो उलटाच होता: पडण्याचं प्रमाण १५ टक्क्यांनी आणि हाड मोडण्याचं २६ टक्क्यांनी वाढलं. वर उल्लेख आलेल्या २०२४ च्या मार्गदर्शिकेतही पन्नाशीपुढे रोज थोडं घेणं हे अधूनमधून मोठा डोस घेण्यापेक्षा बरं, असं म्हटलंय.

मंद्रसप्तक
यात डोळ्याचीही भर घालते. कॅल्शियम दीर्घकाळ वर राहिलं तर ते पारदर्शक बुबुळावर पट्ट्यासारखं साचतं आणि नजर त्यानेही मंदावते. म्हणजे डोळ्यांसाठी म्हणून डीचा मारा करावा तर डोळाच बिघडू शकतो.

दवबिंदू
मोतीबिंदू विरघळवणाऱ्या थेंबांच्या जाहिराती दिसतात, त्यांत तथ्य आहे का?

मंद्रसप्तक
नाही. एन-ॲसिटिलकार्नोसिनच्या थेंबांवर २०१७ मध्ये वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेने आढावा घेतला, खात्रीलायक पुरावा सापडला नाही. लॅनोस्टेरॉल या दुसऱ्या द्रव्यावर २०१५ मध्ये कुत्र्यांमधला प्रयोग गाजला होता. माणसांसाठी सिद्ध झालेला थेंब आजपर्यंत नाही.

पानगळ
मला पडण्याच्या मुद्द्यावर लिहायचंय, कारण माझी आत्या पायरीवरून पडली तेव्हा तिचं डी कमी आहे म्हणून सगळ्यांनी गोळ्यांवर भर दिला. तिला पायरीची कड दिसतच नव्हती, हे कुणी विचारलंच नाही. पायरी आणि जमीन तिला एकच दिसायची. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर ती आपणहून संध्याकाळी बाहेर जायला लागली. आता तिला ऊनही मिळतं आणि चालणंही होतं. शेवंती, तुमच्या आईही हल्ली बाहेर जायच्या कमी झाल्यात का, हे जरा आठवून बघा.

रेघोट्या
पानगळ, तुमच्या आत्यांचा अनुभव चाचणीतही दिसलाय. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये सत्तरीपुढच्या ३०६ स्त्रियांच्या पहिल्या डोळ्याच्या ऑपरेशनबद्दल हे काम झालं. काहींचं ऑपरेशन लवकर केलं, बाकीच्या नेहमीच्या प्रतीक्षायादीत राहिल्या. लवकर ऑपरेशन झालेल्यांत पडण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी झालं, हाड मोडण्याचंही कमी झालं. निकाल २००५ मध्ये आला. डी आपण ज्या भीतीपोटी देतो ती पडण्याची आणि हाड मोडण्याचीच ना? मग या वयात नजर सुधारणं हा त्यावरचा उपाय म्हणून आधी मोजायला हवा, आणि तो मोजला जात नाही याचं मला फार वाईट वाटतं.

शेवंती
पानगळ, तुमचा प्रश्न वाचून थबकले. हो. आई संध्याकाळी बाहेर जाणं टाळते. समोरून गाड्यांचे दिवे आले की काही दिसत नाही म्हणते. आम्ही गुडघे दुखत असतील असं धरून चाललो होतो.

कालच्या रात्री तिला नॉटिंगहॅमचं आणि काजवांच्या सासऱ्यांचं वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘डी भरून येईपर्यंत थांबलं तर जखम लवकर भरेल ना?’ आणि दुसरं, ‘अजून पिकलेला नाही, पिकू दे.’ यावर काय सांगू?

मंद्रसप्तक
पहिल्याचं उत्तर: डी वर येण्याची वाट पाहायची गरज नाही. ऑपरेशनआधी आम्ही डी बघून तारीख ठरवत नाही. साखर आणि रक्तदाब आटोक्यात हवेत, डोळ्याला किंवा पापण्यांना संसर्ग नको. छेद जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा असतो आणि बहुतेक वेळा टाकाही लागत नाही.

दुसऱ्याचं: पिकू देण्याचा सल्ला जुन्या पद्धतीच्या काळातला, अख्खं भिंग बाहेर काढायचे तेव्हाचा. चार्ल्स केल्मननी १९६७ मध्ये फेको ही पद्धत आणल्यापासून भिंग आतच ध्वनिलहरींनी फोडून ओढून घेतात. जितका कडक मोतीबिंदू तितकी जास्त ऊर्जा लागते आणि बुबुळाच्या आतल्या पेशींना तितका त्रास. फार पिकलेल्या मोतीबिंदूने डोळ्यातला दाब अचानक वाढून काचबिंदूही होऊ शकतो. रोजच्या जगण्यात अडथळा यायला लागला की वेळ झाली असं समजायचं. संध्याकाळी बाहेर जाणं थांबलंय म्हणजे वेळ झालीच आहे.

शेवंती
ठीक आहे, उद्या तारीख घ्यायला फोन करते. आई ‘बरं’ म्हणाली आहे. जाताना डॉक्टरांना काय काय सांगायचं? आणि डाव्या डोळ्याचं कधी?

मंद्रसप्तक
सगळ्या गोळ्यांची यादी न्या, डीची कॅप्सूल आणि ती कधीपासून चालू आहे यासकट. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. टॅम्सुलोसिन कधी घेतली असेल तर ते सांगणं फार महत्त्वाचं, आता बंद केली असली तरीही. ती मुख्यतः पुरुषांना प्रोस्टेटसाठी देतात, पण कधी कधी स्त्रियांनाही लघवीच्या तक्रारीसाठी दिलेली असते. तिच्यामुळे ऑपरेशनच्या वेळी बाहुलीचा पडदा लुळा पडतो. आधी माहीत असलं की सर्जन तयारीने उतरतात. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉइड घेतलं असेल तर तेही लिहा.

डाव्या डोळ्याबद्दल. उजवा झाल्यावर दोन्ही डोळ्यांच्या नंबरांत बराच फरक राहिला तर चष्म्याने तो नीट जुळत नाही आणि पायरीचा अंदाज चुकू शकतो. उजवा स्थिरावला की तपासणीत हा फरक किती आहे ते विचारा, डाव्याची तारीख त्यावरून ठरेल. मधल्या काळात जिना उतरताना कठडा धरायला सांगा. डी आणि कॅल्शियम कधी पुन्हा तपासायचं हे कॅप्सूल लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडून तारखेसकट लिहून घ्या.

शेवंती
लिहून घेतलं सगळं. स्टेरॉइडचा इनहेलर दोन वर्षांपूर्वीपर्यंत होता, तेही यादीत टाकते.